चामड्याचा भाता आणि तीन सूर

पादत्राणांचा व्यापार आणि वेगवान मोटारी यांचा काय संबंध, असे कोणी विचारले तर आपण हसू. पण इतिहासाला असल्या सोयरिकी जुळवण्याची हौस फार. इंग्लंडातील लिली अँड स्किनर ह्या पादत्राणांच्या पेढीच्या घराण्यात जन्मलेल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर ह्यांना जोड्यांपेक्षा मोटारीचा नाद अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी एक नवा कार्ब्युरेटर बनवला, आणि त्यात हवेच्या ओढीसरशी हलणारा जो भाता बसवला, तो होता चामड्याचा! धाकट्या भावाच्या साथीने १९१० साली कंपनी निघाली. स्किनर्स युनियन, म्हणजेच एस्. यू.

पुढे चामडे गेले, धातूचा दट्ट्या आला. पण मूळ कल्पना तीच राहिली. इंजिन श्वास घेते, त्या ओढीने दट्ट्या वर उचलला जातो. दट्ट्याला खाली एक निमुळती सुई असते. ती वर सरकली की पेट्रोलचे भोक मोठे होते. जितकी हवा, तितके पेट्रोल. मोजके भाग, आणि सगळे डोळ्यांना दिसणारे.

ह्या भात्याला खरा जोडीदार मिळाला तो कॉव्हेंट्री शहरात. दुसऱ्या महायुद्धात तेथील कारखान्यांवर बॉम्ब पडत, म्हणून रात्री आगीवर पहारा ठेवावा लागे. पुढे जॅग्वार नावाने गाजलेल्या कारखान्याचे मालक विल्यम लायन्स आणि हेन्स, हॅसन, बेली हे त्यांचे तंत्रज्ञ अशा पहाऱ्याच्या रात्री एकत्र बसत आणि युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार करीत. भोवती शहर जळत असता ही मंडळी शांततेच्या दिवसांतली मोटार आखीत होती! त्यातून सहा सिलिंडरांचे एक्स्. के. इंजिन जन्मले. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात एक्स्. के. १२० ही गाडी झळकली. १९४९ साली बेल्जियमच्या याबेके रस्त्यावर ती ताशी १३२ मैलांच्या वर धावली. ल मान्सची चोवीस तासांची शर्यत ह्या इंजिनाने १९५१ ते १९५७ ह्या काळात पाच वेळा जिंकली. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हात ई-टाइप अवतरली, तेव्हा तिच्या इंजिनाच्या कुशीत एस्. यू.चे तीन कार्ब्युरेटर ओळीने बसलेले होते.

काही वर्षांनी ह्या गाड्या जुन्या झाल्या, स्वस्त झाल्या आणि बेताच्या कमाईच्या माणसांच्या हाती आल्या. घरामागच्या शेडमध्ये रविवारी पाने आणि चिंध्या घेऊन बसणारा एक संप्रदायच त्यातून उभा राहिला.

ह्या संप्रदायाचा पहिला धडा असा, की गाडी अडखळली म्हणून कार्ब्युरेटरला हात घालू नये. पुष्कळदा दोष ठिणगीत असतो: काळवंडलेला प्लग, झिजलेले पॉइंट, सैल तार. ते न पाहता कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळणे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

ठिणगी निर्दोष ठरली की मग तीन कार्ब्युरेटर जुळवायचे. गवई जसा तंबोरा लावतो, तसेच हे काम. आधी तिघांना जोडणारी दांडी सैल करायची. इंजिन गरम व संथ चालत असता रबराच्या नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. फुस्स असा आवाज येतो. संथ चालीचे स्क्रू किंचित फिरवीत तिघांचा आवाज एक होईपर्यंत ऐकत राहायचे. नंतर दट्ट्या केसभर उचलून पाहायचा. इंजिनाची गती वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर पेट्रोल जास्त. इंजिन गुदमरले, तर कमी. क्षणभर वाढून पूर्ववत झाली, तर मिश्रण बरोबर. दट्ट्याच्या माथ्यावरील नळीत थोडे पातळ तेलही हवे. ते आटले की पाय दाबताच गाडीला ठसका लागतो.

मात्र सगळेच इतके सोशिक नाही. ह्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट दोन. एक सोडवलेला असताना दुसरा किंवा इंजिन फिरवले, तर व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून वाकतात, आणि अर्ध्या मिनिटाच्या घाईची किंमत महिनोन्‌महिने मोजावी लागते. ई-टाइपचे मागचे ब्रेक तर चाकांपाशी नसून आत, डिफरन्शियलला चिकटून असतात. तेथील सीलातून तेल पाझरले की थेट ब्रेकच्या तबकडीवर येते. म्हणून जो आधी इंजिनाकडे धावतो तो उतावळा, आणि जो आधी गाडीखाली डोकावतो तो शहाणा.

नवे संकटही आले आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या मऊ पडतात, चिरतात. तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलचा एक थेंबही पुरे. तेव्हा नव्या जातीच्या नळ्या घालणे हा जुनेपणाचा अपमान नव्हे, गाडी आणि माणूस दोन्ही जगवण्याचा उपाय आहे. सुदैवाने एस्. यू.चे सुटे भाग आजही बनतात.

भाग मिळतील, पुस्तकेही मिळतील. पण नळीतला तो आवाज ओळखणारा कान दुकानात मिळत नाही. तो एकाने दुसऱ्याच्या हाती नळी देऊनच द्यावा लागतो. आजची मोटार आपला आजार संगणकाला सांगते, आणि बहुधा अचूक सांगते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मालकाला ती काही शिकवीत नाही. स्किनरांचा भाता मात्र शंभर वर्षांनंतरही शिकवतो, की वेग हा नुसता पायाखाली नसतो. तो आधी कानात असावा लागतो. शेडमधल्या म्हाताऱ्याशेजारी नळी धरायला कोणी पोर उभे आहे तोवर त्या गाड्या धावतील. ते पोर नसेल, तर चकचकीत रंगाखाली उरेल ते नुसते लोखंड.