शहरी आलेला पाहुणा आणि त्याची करमणूक : जळगाव व धुळे यांसंबंधी काही विचार

मराठी रंगभूमीचा इतिहास आजवर बहुधा नाटक मंडळ्यांच्या व नटांच्या अंगाने लिहिला गेला आहे. पुण्यामुंबईबाहेरील गावे त्यात येतात ती केवळ ‘मुक्काम’ म्हणून. मंडळी आली, प्रयोग झाले, मंडळी पुढच्या गावी गेली, एवढ्यावर त्या गावाचे प्रयोजन संपते. परंतु त्याच प्रयोगास आसपासच्या खेड्यांतून जो प्रेक्षक येत असे, त्याच्या बाजूने पाहू लागल्यास निराळे प्रश्न उपस्थित होतात. तो शहरात कोणत्या निमित्ताने येई? रात्र कोठे काढी? आणि त्याच्या येण्याने त्या शहरास काय लाभले? प्रस्तुत लेखात खानदेशातील जळगाव व धुळे या दोन शहरांपुरता या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या शहरांच्या घडणीतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. इ. स. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला व पुढील वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले. धुळ्याची वाढ ही अशी प्रामुख्याने कचेऱ्यांच्या आश्रयाने झाली. जळगावचा उत्कर्ष मात्र आगगाडी व कापूस यांमुळे झाला. इ. स. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला विलक्षण भाव आला आणि त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग या भागात पोहोचला. धुळ्यास चाळीसगावहून जाणारा फाटा इ. स. १९०० मध्ये सुरू झाला. म्हणजे सुमारे साडेतीन ते चार दशके एक शहर हमरस्त्यावर होते व दुसरे आडबाजूस. इ. स. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगावासही जिल्ह्याच्या ठाण्याचा मान मिळाला.

खेड्यातील माणूस शहरात येई तो बाजारासाठी, कज्जाखटल्यासाठी किंवा देवदर्शनासाठी. केवळ करमणुकीसाठी येणे त्यास परवडणारे नव्हते. करमणूक ही कामाच्या जोडीने येई. जळगावचा श्रीराम रथोत्सव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अप्पा महाराजांनी इ. स. १८७२ मध्ये सुरू केलेला हा उत्सव कार्तिक शुद्ध एकादशीस होतो. त्यापूर्वीचे दिवस निरनिराळी वाहने निघतात आणि एकादशीस रथ जुन्या गावातील रस्त्यांवरून फिरतो. उत्सवामागील प्रेरणा धार्मिक आहे यात संशय नाही. तथापि त्याचा काळही लक्षात घ्यावा. कार्तिकात खरिपाचे पीक हाती येऊ लागते, कापसाची वेचणी सुरू झालेली असते व शेतकऱ्याच्या गाठीस चार पैसे असतात. रथाच्या मार्गालगत दुकाने मांडली जातात, ती या खरेदीस निघालेल्या यात्रेकरूच्या भरवशावर.

रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. जुनी संगीत नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, याचे कारण पदांची संख्या व ‘वन्स मोअर’ची हौस असे सामान्यतः सांगितले जाते. ते कारण खरेच आहे. परंतु परगावाहून बैलगाडीने आलेल्या प्रेक्षकास अपरात्री नाटक संपणे गैरसोयीचे होते, ही गोष्टही विचारात घेतली पाहिजे. उतरण्यास जागा नाही आणि रस्ता अंधारी, अशा स्थितीत उजाडेपर्यंत चालणारा प्रयोग हाच त्याचा निवारा ठरे. तमाशाच्या फडासही हेच लागू पडते. यास्तव प्रयोगाची लांबी ही काही अंशी प्रेक्षकाच्या प्रवासाने ठरविली, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

मात्र हा प्रेक्षकवर्ग एकजिनसी होता असे समजणे चुकीचे होईल. तमाशाच्या फडास घरंदाज म्हणविणाऱ्या स्त्रिया जात नसत. रथ मात्र त्यांना घराच्या ओट्यावरून पाहता येई. ज्या दलित व कोल्हाटी कलावंतांनी तमाशा जिवंत ठेवला, त्यांची कला शहराने रात्री डोक्यावर घेतली, परंतु दिवसा त्यांना प्रतिष्ठा दिली नाही. रंजनस्थानांचा इतिहास लिहिताना कोण आत होता याबरोबर कोण बाहेर राहिला, हेही नोंदविले पाहिजे.

आता शहरास काय लाभले हे पाहू. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे बालपणीचे काही शिक्षण जळगावास झाले व तेथे मेहबूब खाँ यांच्याकडून त्यांना गायनाची तालीम मिळाली. इ. स. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले. ज्या गावास आपण ‘मुक्काम’ समजतो, तेथे गानविद्या शिकविणारा गुरू होता, हा याचा अर्थ. इ. स. १९०७ मध्ये जळगावास डॉ. कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे या जेमतेम सतरा वर्षांच्या तरुणास तेथेच ‘बालकवी’ हे नाव मिळाले. परगावचे कवी व रसिक एकत्र येण्यास जळगाव सोयीचे होते, याचे श्रेय लोहमार्गास दिले पाहिजे.

धुळ्याचे वैशिष्ट्य संग्रहांत आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी इ. स. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली व समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मिळविली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास निवर्तले व पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. इ. स. १९४४ चे साहित्य संमेलन मामा वरेरकर या नाटककाराच्या अध्यक्षतेखाली धुळ्यास भरले. धुळ्यास जाणारा फाटा जेथून निघतो त्या चाळीसगावी केकी मूस (१९१२–१९८९) या छायाचित्रकाराचे घर आज कलादालन म्हणून जतन केलेले आहे. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे व इ. स. २०१२ पासून जैन हिल्सवरील गांधीतीर्थ पाहण्यास लोक दुरून येतात.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, खानदेशातील ही शहरे परक्या कलेची केवळ गिऱ्हाइके नव्हती. त्यांनी कलावंत घडविले व कागद राखले. दुसरा, येथील रंजनस्थाने इमारतींपेक्षा वेळापत्रकांवर उभी होती : पिकाचे, सणाचे व आगगाडीचे. इमारती पाडल्या की त्यांची आठवणही जाते; वेळापत्रकाचे पुरावे मात्र अद्याप शोधता येतील. इ. स. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने प्रयोग सरकारी देखरेखीखाली आले व इ. स. १९२३ च्या मुंबई इलाख्यातील करमणूक शुल्काच्या कायद्याने तिकीट हिशेबात आले. या कायद्यांच्या अंमलबजावणीचे कागद, नगरपालिकांची परवानगीपत्रे, नाटकांच्या जाहिराती आणि वृद्धांच्या आठवणी एकत्र ताडून पाहिल्यास प्रेक्षकाचा इतिहास लिहिता येईल. आठवणी सांगणारी पिढी वेगाने कमी होत आहे. म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामास आपल्याच गावापासून आरंभ करावा.