भायखळ्याच्या तुरुंगांतील तुलना

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला आणि लवकरच तो पुण्यासही पोंचला. तेथें रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्यें त्याच साथींत निवर्तल्या.

किती दगावले, हा आंकडा मन हेलावतो; पण तो एकटा फारसें शिकवीत नाहीं. किती जणांपैकीं दगावले, आणि तशाच परिस्थितींत राहणाऱ्या इतरांचें काय झालें, हें विचारलें म्हणजे साथरोगशास्त्राचा आरंभ होतो. वस्तींत फिरणाऱ्या परिचारिकेनें निरोग्यांचीही नोंद ठेवावयाची ती याचसाठीं.

डॉ. हाफकीन यांनीं प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. स्वेच्छेनें पुढें आलेल्या सुमारें निम्म्या कैद्यांस ती टोचण्यांत आली. (कैद्याची स्वेच्छा ती कितपत, हा प्रश्न निराळा!) पुढें न टोचलेल्यांपैकीं १२ जणांस रोग जडला, ६ मेले, टोचलेल्यांपैकीं २ आजारी पडले, मृत्यु एकही नाहीं.

आंकडे लहान खरे. आपण होऊन पुढें येणारा मुळांतच धडधाकट असेल, ही शंकाही रास्तच. तथापि एकाच भिंतीआड, एकच अन्नपाणी घेणाऱ्या माणसांची ही तुलना शहरांतील कोणत्याही मृत्युसंख्येहून अधिक बोलकी होती. आणि त्या वेळीं रोग पसरतो कसा, हें कोणासच ठाऊक नव्हतें. उंदरावरील पिसवांचा त्यांतील हात सिमाँ यांनीं कराचीस प्रयोगानें दाखविला तो १८९८ सालीं.