पुस्तकं कुणी निवडायची?

माझ्या मावसबहिणीने सध्या घरातल्या सगळ्यांना कामाला लावलंय. तिला मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचंय. तेही पाठ्यपुस्तकांवरून नाही, तर गोष्टी, चरित्रं, कविता आणि अर्थातच बायबल वाचून. ख्रिस्ती कुटुंबांसाठी असे तयार अभ्यासक्रम अमेरिकेत मिळतात, पुस्तकांच्या यादीसकट. "यातला कुठला घेऊ?" असं तिने विचारलं आणि मी सवयीप्रमाणे इतिहासात घुसले!

या पद्धतीबद्दल वाचायला लागलं की शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेचं नाव हमखास येतं. तिचं 'होम एज्युकेशन' १८८६ सालचं. मुलांना माहितीचे सुके तुकडे देऊ नका, चांगली जिवंत पुस्तकं द्या आणि वाचलेलं त्यांना आपल्या शब्दांत सांगू द्या, असं तिचं म्हणणं.

पण मंडळी, आपल्याकडचं उदाहरण याहून जुनं आहे. आणि केमवरून जाणाऱ्या रेल्वेच्याच वाटेवर आहे. पुण्याकडे जाताना जेऊर, भिगवण, दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या गावात बसून, विधवांसाठी घर काढणाऱ्या बाईबद्दल लिहिताना मला थोडं वेगळंच वाटतंय. असो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्या शाळेत गेल्याच नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी लेकीला. घरकामाच्या आधी, भल्या पहाटे, तोंडी. अठरा हजार श्लोकांचं भागवत मुलीने पाठ केलं. म्हणजे सगळं शिक्षण मोठ्या ग्रंथांवर उभं! पण कुंपणही पक्कं होतं. संस्कृतखेरीज दुसरी भाषा नको, व्यवहारी शिक्षण नको, कारण त्याने मूल धर्मापासून दूर जाईल. आई-वडिलांची ही भीती आजच्या कितीतरी ख्रिस्ती घरांत जशीच्या तशी ऐकू येते, नाही का?

पुढे काय झालं? आई-वडील दुष्काळात गेले. १८७८ मध्ये भावासोबत कलकत्त्याला पोचलेल्या रमाबाईंना तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तिथेच केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला सांगितलं. धर्मशास्त्रंही वाचून झाली, आणि बाईबद्दल तिथे काय लिहिलंय ते त्यांना दिसलं. लग्नानंतर सिल्चरला घरात बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान हाती आलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आईने पहाटे दिलेल्या वाचनाच्या बळावरच मुलगी आईच्या धर्माबाहेर गेली!

आता खरी गंमत. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत होत्या, शिकवतही होत्या, आणि मनोरमा वाँटेजला सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे होती. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वं शिकवायची यावरून दोघींचा पत्रांतून चांगलाच वाद झाला. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या, पण चर्चचं प्रत्येक मत त्यांना पटलेलं नव्हतं, आणि आपल्याला न पटलेलं लेकीला घोकून द्यायला त्या तयार नव्हत्या. मुलीने परदेशी होऊन आपल्या देशाच्या माणसांना परकं मानावं, हेही त्यांना नको होतं. शेवटचा शब्द आईचा, हे त्यांनी सोडलं नाही. १८८६ मध्ये त्या मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकून घेतली आणि मराठी पाठ्यपुस्तकांचं काम हाती घेतलं.

पण हाच प्रश्न उलटून त्यांच्या अंगावर आला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दारही लावून घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. ती मला समजते. आपली मुलगी तिथे ठेवून धास्तावलेल्या हिंदू आईची बाजूही तितकीच समजते. वाँटेजला रमाबाई दुसरं काय मागत होत्या?

तेव्हा ताई, खोकं मागवण्याआधी तीन गोष्टी बघ. पहिली, जे तुला स्वतःला पटलेलं नाही ते केवळ यादीत आहे म्हणून लेकीला पाठ करायला लावू नकोस. दुसरी, भाषा. जुन्या मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायांना कळत नाही, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी साध्या मराठीत नवं भाषांतर केलं. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरं झालं आणि मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ मध्ये ते बाहेर पडलं. त्या खोक्यातल्या सगळ्या गोष्टी बर्फातल्या आणि सफरचंदाच्या बागेतल्या असतील, तर तुझ्या मुलीला तिचं घर कुठल्या पुस्तकात सापडणार?

आणि तिसरी सगळ्यात अवघड. लक्ष्मीबाईंनी निवडलेली पुस्तकं चांगलीच होती, आणि त्यांच्या मुलीला ती त्यांच्या कल्पनेपलीकडे घेऊन गेली. मूल मन लावून वाचायला शिकलं, की ते आपण न दिलेलंही वाचतं, आणि आपण दिलेल्याला प्रश्नही विचारतं. हे चालणार असेल तर शिकव. यादी त्यानंतर करू.