उतरवलेले इंजिन आणि डोंगरातला कोळसा

एखादी स्पोर्ट्‌स कार विजेवर चालवण्यासाठी खोलावयास घेतली, की पहिले काही दिवस निव्वळ वजाबाकीचे असतात. टाकीतले पेट्रोल काढावयाचे, रेडिएटरचे पाणी सोडावयाचे, वातानुकूलन यंत्रातला वायू रीतसर काढून घ्यावयाचा, सायलेन्सर उतरवावयाचा, वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावयाची आणि मग चेनपुलीला टांगून इंजिन वर उचलावयाचे. त्याही आधी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कोणत्या चाकावर किती भार येतो, हे लिहून ठेवावे लागते. कारण इंजिनाच्या जागी येणारी बॅटरी जड असते आणि तिची मांडणी चुकली, तर वळणावर गाडीचा तोल जातो. इंजिन निघाले, की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ते केवळ चाके फिरवत नव्हते. ब्रेकला लागणारी निर्वात ओढ, थंडीतली ऊब, दिव्यांची वीज या साऱ्या गोष्टी त्याच्याच जिवावर चालल्या होत्या. आता त्या प्रत्येकीची निराळी सोय करावी लागते.

अशा खोललेल्या गाडीभोवती जमलेल्यांत एक प्रश्न हटकून निघतो : इंजिन गेल्यावर ही तीच गाडी म्हणावयाची का? प्रश्न पोकळ नाही. ऐतिहासिक मोटारींची जागतिक संघटना असलेल्या 'फिवा'ने २०१९ मध्ये भूमिका घेतली, की विजेवर नेलेली जुनी मोटार ऐतिहासिक मानता येणार नाही; हा बदल करावयाचाच असेल, तर तो उलटवता येईल असा करावा आणि काढलेले सुटे भाग जपून ठेवावेत. आपल्याकडे २०२१ साली झालेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावयाचे, तर तिच्या सांगाड्यात, कायेत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने इंजिन हा मोटारीच्या ओळखीचा भाग आहे.

तरीही स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत इंजिनाला गाडीचा आत्मा मानणे इतिहासाला धरून नाही, असे आम्हांस वाटते. गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनी गाडी पाहा. फायबरग्लासची हलकी काया तिची स्वतःची होती, ११४९ सी.सी.चे इंजिन मात्र फ्रान्सच्या रेनो कंपनीचे होते. २०१२ मध्ये लोकांसमोर आलेल्या 'डीसी अवंती'चे दोन लिटरचे टर्बो इंजिनही रेनोचेच. ज्या 'लोटस एलिस'च्या पायावर २००८ ची 'टेस्ला रोडस्टर' उभी राहिली, त्या एलिसमध्ये तेव्हा टोयोटाचे इंजिन बसत असे. किंबहुना ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा १८९९ मध्ये प्रथम ओलांडणारी कामीय जेनात्सी यांची मोटार विजेचीच होती. तेव्हा इंजिन ही बऱ्याच अंशी उसनवारीची वस्तू, आणि उसने आणलेले बदलता येते. बदलत नाही ते वेगळेच काही आहे. ते पाहावयाचे, तर गॅरेजमधून बाहेर पडून गाडी ज्या रस्त्यांवर धावते त्या रस्त्यांकडे वळावे लागेल.

पुण्याच्या हौशी चालकांना प्रिय असलेले घाटरस्ते बरेचसे भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतून जातात. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरणारा रस्ता, भाटघरच्या जलाशयाकाठचा रस्ता, पानशेतकडे आणि पुढे तोरण्याच्या पायथ्याशी जाणारा रस्ता. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत हा मुलूख बहुतांशी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. संस्थानच्या तालुक्यांची नावे किल्ल्यांवरून पडलेली होती : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. ते नवे वाटले, तरी संस्थानी दप्तरांत ते आधीपासूनच होते.

मोटारीचे इंधन बदलण्याचा प्रयोग या देशात मोठ्या प्रमाणावर प्रथम झाला, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि खासगी सर्व्हिस मोटारींपुढे दोनच मार्ग उरले : गाडी उभी करून ठेवावयाची, किंवा तिला 'गॅस प्लँट' लावावयाचा. गाडीच्या मागे किंवा बाजूला एक लोखंडी टाकी जोडीत. तिच्यात लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळला, की कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू तयार होई. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडावयाचा. इंजिन तेच राही, पण त्याची ताकद तीस ते पन्नास टक्क्यांनी घटे; निम्म्याहून अधिक वायू निरुपयोगी नायट्रोजन असल्याने ते अटळच होते. निघण्यापूर्वी भट्टी फुलवण्यात वेळ जाई, वाटेत राख झाडावी लागे, गाळण्या धुवाव्या लागत आणि बंद जागेत हा विषारी वायू साचला, तर जीवावर बेते. भरल्या गाडीला चढावर या अर्ध्या ताकदीची किंमत पुरेपूर मोजावी लागे.

हा इतिहास सांगताना गॅस प्लँटच्या करामतीचेच वर्णन बहुधा होते. त्याची दुसरी बाजू साध्या गणितात आहे. एक लिटर पेट्रोलचे काम करावयास सुमारे दीड किलो लाकडी कोळसा लागतो आणि मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा पाडावयास पाच किलो किंवा त्याहून अधिक लाकूड जाते. पुण्याहून भोरला जाऊन परत येणे म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोमीटर. लिटरला पाच किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला त्यासाठी वीस लिटर पेट्रोल, म्हणजे तीस किलो कोळसा, म्हणजेच दीडशे किलो लाकूड. एका फेरीला एक मध्यम झाड, असेच म्हणावे. पेट्रोल परदेशातून येत होते तोवर हे ओझे आपल्या डोळ्यांआड होते. गॅस प्लँटने ते सह्याद्रीच्या अंगावर आणले. युद्धाच्या काळात देशभर जंगलतोड वाढली, तीत लष्कराच्या लाकडाबरोबर जळणाचाही वाटा होता.

कोळसा पाडणे हा येथे नवा धंदा नव्हता. लोणारी समाजाचे नावच चुना आणि कोळसा भाजण्याच्या व्यवसायाशी जोडलेले आहे. पुढे सह्याद्रीच्या पट्ट्यात भट्टीवरच्या मजुरीचे काम मुख्यतः कातकरी कुटुंबांच्या वाट्याला आले. पावसाळा सरला, की व्यापाऱ्याकडून उचल घ्यावयाची, लेकराबाळांसह रानात झोपडी टाकावयाची, झाडे तोडून ढीग रचावयाचा, वरून पाला आणि माती लिंपावयाची आणि धूर पांढऱ्याचा निळा होईतो रात्रंदिवस राखण करावयाची. उचल फिटली नाही, की पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारी. पोत्यात भरलेला कोळसा शहरात जाई तेव्हा त्यावर या कष्टांची खूण उरत नसे.

युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि गॅस प्लँट भंगारात गेले. पण कोळशाची वाट मोडली नाही; शहरातल्या शेगड्या होत्याच. वेल्हे भागात तर ती आणखी रुंद झाली. आंबी नदीवर पानशेतचे धरण बांधण्यासाठी खोऱ्यात रस्ता आला. ज्यांची तळातली शेते पाण्याखाली जावयाची होती, त्यांच्याकडे उतारावरची मालकीची झाडेच काय ती उरली. ती स्वस्तात विकली गेली आणि कोळसा होऊन पुण्याला पोचली. माधव गाडगीळ यांनी या तोडीविषयी लिहिले आहे. त्यांनी आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आसपासचे डोंगर बोडके होत असता देवाच्या नावाने राखलेली ही राने उभी होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, ते पुण्याच्या स्मरणात पक्के बसले आहे. त्या खोऱ्याने धरणापूर्वी आणि धरणानंतर काय गमावले, याचे स्मरण तेवढे पक्के नाही.

मोटारींची इंधने पुढेही बदलत गेली. पेट्रोलच्या जुन्या विलीज जीपांमध्ये डिझेलची इंजिने बसली. १९९० च्या दशकात मुंबईत 'सी.एन.जी.' आला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सींना डिकीत सिलिंडर घेणे भाग पडले. शहराची हवा त्याने सुधारली, यात शंका नाही. वायू मात्र समुद्रातल्या विहिरींतून उरणमार्गे येत होता. प्रत्येक वेळी गाडीत बदल झाला गॅरेजात, आणि त्याचे ओझे उचलले दुसऱ्याच कुठल्या तरी भूमीने. ओझे कधी कमी झाले, कधी वाढले. नाहीसे मात्र कधीच झाले नाही.

आता पाळी विजेची आहे. भोर-वेल्ह्याचा विजेशी संबंध नवा नाही. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघरच्या धरणावर पुढे सोळा मेगावॉटचे जलविद्युत केंद्र उभे राहिले; पानशेत आणि वरसगाव येथे प्रत्येकी आठ मेगावॉटची केंद्रे आहेत. ही तिन्ही पूर्ण ताकदीने चालली, तरी पन्नास किलोवॉटचे साडेसहाशेहून थोडेच कमी चार्जर एका वेळी चालतील. आणि ती बारा महिने तशी चालत नाहीत, कारण या पाण्यावर पहिला हक्क शेतीचा आणि पिण्याचा. तेव्हा 'डोंगरातल्या पाण्यावर धावणारी गाडी' हे चित्र मोहक असले, तरी खरे नव्हे. देशातली सत्तर टक्क्यांहून अधिक वीज २०२४ मध्येही कोळशावर तयार होत होती. महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांतून येतो. मराठीत लाकडाच्या आणि खाणीतल्या, दोन्ही कोळशांना शब्द एकच आहे. १९४१ मध्ये गाडीच्या पाठीवर असलेली भट्टी आता सातशे किलोमीटर दूर गेली आहे, एवढाच काय तो फरक, असे कोणी म्हणेल.

आम्ही तसे म्हणणार नाही. फरक त्याहून मोठा आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली पाव हिश्शाच्या आसपास ऊर्जाच चाकापर्यंत पोचते, तर विजेच्या मोटारीत बॅटरीतली ऐंशी टक्के पोचते. औष्णिक केंद्रात आणि तारांवर होणारी गळती धरली, की हा फायदा बराचसा खाल्ला जातो हे खरे. पण तारेतल्या विजेत सूर्याचा आणि वाऱ्याचा वाटा दरवर्षी वाढतो आहे, आणि पेट्रोलला तशी सोय नाही. स्वच्छ वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या 'आय.सी.सी.टी.' या संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार भारतात नव्या विद्युत मोटारीचे आयुष्यभराचे उत्सर्जन पेट्रोल मोटारीपेक्षा १९ ते ३४ टक्के कमी भरते. युरोपात हीच घट ६६ ते ६९ टक्के आहे. दोन आकड्यांतले अंतर गाडीचे नाही, विजेचे आहे. जुनी गाडी खोलून बदलली, तर नवी काया घडवण्याचा खर्च वाचतो, ही त्यात आणखी एक जमेची बाजू.

कायद्यानेही ही वाट उघडली आहे. मूळ रचनेशी विसंगत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती अधोरेखित केली. परंतु मान्यताप्राप्त विद्युत संच बसवण्यास २०१६ पासून केंद्रीय नियमांत जागा आहे. संचाची चाचणी पुण्याच्या 'ए.आर.ए.आय.'सारख्या संस्थेने केलेली असावी लागते, तो अधिकृत कारागिरानेच बसवावा लागतो आणि आर.सी. बुकात इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. एखाद-दुसऱ्या दुर्मिळ स्पोर्ट्‌स कारसाठी हे सोपस्कार जिकिरीचे आहेत. पण दोन-तीनशे किलोची, चारशे व्होल्टची बॅटरी घेऊन घाट उतरणारी गाडी तपासलेली असावी, ही अपेक्षा वाजवी आहे.

आम्हांस सुचवावयाचे आहे ते एवढेच. गाडी खोलणारे तरुण आज मोठ्या निगुतीने नोंदी ठेवतात : प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक बोल्टला डबी, प्रत्येक चाकाचे वजन वहीत.  गॅस प्लँटच्या काळातल्या कोळशाच्या पोत्यांचा, रानांचा आणि भट्टीवरच्या माणसांचा असा जमाखर्च मात्र आमच्या हाती नाही. म्हणून आज तो झाडांच्या आणि लिटरच्या ढोबळ गणितावरून मागाहून मांडावा लागतो. नव्या वहीत आणखी एक पान असावे. गाडी कोणत्या वेळी, कोणत्या विजेवर भरली. दुपारी छतावरच्या सौर पट्ट्यांवर, की रात्री औष्णिक केंद्राच्या विजेवर. बॅटरी कोठून आली आणि थकल्यावर कोठे जाणार. हे पान भरणाऱ्याला सवयी बदलाव्याशा वाटतील, आणि पुढे कधी कोणी या बदलाचा इतिहास लिहावयास बसला, तर त्याला अंदाजावर विसंबावे लागणार नाही.