ब्रेकची डिस्क: लेथकडून भंगाराकडे

झिजलेला ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क लेथवर कातून पुन्हा वापरायची की काढून टाकून नवी बसवायची, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या गॅरेजांत दर पिढीत बदलत आले आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला कातणे हीच रीत होती. शतक सरताना नवी डिस्क बसवणे ही रीत झाली. कारखाना डिस्कवर किती धातू शिल्लक ठेवतो आणि नवी डिस्क किती स्वस्त मिळते, या दोन गोष्टींनी हा पालट घडवला.

कातण्याची सवय ड्रम ब्रेकच्या काळातली. लुई रेनोने 1902 मध्ये पुढे सर्वत्र पसरलेला ड्रम ब्रेक आणला आणि पुढची पन्नासेक वर्षे बहुतेक गाड्या त्यावरच थांबत राहिल्या. ड्रमच्या आतल्या अंगाला चर पडत, तापून तो किंचित अंडाकृती होई. पण बिडाचा ड्रम जाड आणि महाग असे. म्हणून तो लेथवर चढवून आतून पुन्हा गोल करीत. अमेरिकी गाड्यांच्या ड्रमचा व्यास साधारण 1.5 मि.मी. वाढेपर्यंत कातणे चाले आणि 2.3 मि.मी. वाढला की ड्रम बाद होई. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे पुढच्या झिजेसाठी राखलेला धातू. नॉर्थ शिकागोच्या ‘अ‍ॅमको’ कंपनीचे लेथ गावोगावच्या गॅरेजांत याच कामासाठी बसले.

या कारागिरीची एक किंमत कामगारांनी मोजली. कातलेला ड्रम मोठा झाला की ब्रेक शूची गोलाई त्याला जुळेना, म्हणून शूचे लायनर घासून जुळवावे लागे. लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोग होतो, हे गॅरेजांपर्यंत फार उशिरा पोचले. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने ब्रेकच्या कामातल्या या धुळीबाबत सक्तीची कार्यपद्धती 1994 मध्ये घालून दिली. तोवर अनेकांनी उघड्या नाकाने हे काम केले होते.

डिस्क ब्रेकची कल्पना ड्रमइतकीच जुनी. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच तिचे पेटंट घेतले होते. पण धातूवर धातू घासल्याचा कर्कश आवाज आणि धुळीच्या रस्त्यांवरची झीज यांपुढे ती टिकली नाही. 1953 मध्ये डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि मोटारजगाचे लक्ष तिकडे वळले. 1955 ची सित्रोएन डीएस ही मोठ्या संख्येने निघालेली डिस्कवाली पहिली गाडी. अमेरिकेत साठच्या दशकात आधी स्टुडबेकर अवांती, मग 1965 ची कॉर्व्हेट आली. त्या कॉर्व्हेटच्या डिस्क कारखान्यात हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, रिव्हेटने जोडून मग एकत्र कातलेल्या असत. अशा जाडजूड डिस्कवर चर पडले की गॅरेजवाला विचार न करता ती लेथवर लावी, आणि ते योग्यच होते.

हा निर्णय डोळ्यांनी नव्हे, मायक्रोमीटरने घ्यायचा असतो. डिस्कवर किमान जाडीचा आकडा ओतलेला किंवा ठोकलेला असतो. कातल्यानंतर जाडी त्या आकड्याच्या वर राहणार नसेल तर डिस्क बादच. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते आणि तडकू शकते. उथळ चर दिसले म्हणून डिस्क कातायलाच हवी असेही नाही. खरा त्रास देतो तो जाडीतला फरक. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली, की ब्रेक दाबलेला नसतानाही दर फेऱ्यात तिची तीच जागा पॅडला चाटून जाते आणि तेवढीच पातळ होते. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे सुमारे 0.025 मि.मी. झाला, तरी पेडल पायाखाली धडधडू लागते. ‘डिस्क वाकली’ म्हणून गिऱ्हाईक जी तक्रार घेऊन येते, तिच्यामागे बहुधा हेच असते. अतितापाने बिडात काही जागी कठीण डाग तयार होतात. लेथचे टूल त्यांवरून उडते. अशी डिस्क कातण्यात अर्थ नसतो.

1975 च्या इंधनबचतीच्या कायद्याने पारडे फिरवले. 1985 पर्यंत नव्या गाड्यांनी सरासरी गॅलनला 27.5 मैल द्यावेत असे ठरल्यावर कारखान्यांनी जिथून जमेल तिथून वजन काढले. डिस्कही त्यातून सुटली नाही. ती सुरुवातीपासूनच किमान जाडीच्या इतकी जवळ आली की एका कातणीलाही धातू उरेना. नव्वदच्या दशकातल्या होंडा अकॉर्डमध्ये तर डिस्क हबच्या मागे अडकवलेली होती, ती काढायची तर बेअरिंगलाही हात घालावा लागे. अशा गाड्यांमुळे गाडीवरच डिस्क कातणारे फिरते लेथ चालले. त्यांचा लाभ असा की हबचा तिरकेपणाही कातणीत सामावून जाई.

त्याच सुमारास चीनमधून स्वस्त डिस्क येऊ लागल्या. स्थानिक कारखानदारांच्या तक्रारीवरून अमेरिकेने 1997 मध्ये त्यांवर अँटी-डंपिंग शुल्क लावले, तरी लेथवरच्या कारागिराच्या मजुरीपुढे नवी डिस्क परवडू लागली. बदलण्याच्या सोयीतून लबाडीलाही वाव मिळाला. 1992 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्याने पॅड झिजलेल्या गाड्या गिऱ्हाईक बनून गॅरेजांत नेल्या आणि एका देशव्यापी दुकानसाखळीवर नको ते भाग माथी मारल्याचा ठपका ठेवला. जाडीचा आकडा मोजून गिऱ्हाइकाला दाखवणे हाच यावरचा उपाय होता आणि आहे.

एकविसाव्या शतकात जनरल मोटर्सने गंज रोखण्यासाठी नायट्रोजन-कार्बनचा कठीण थर दिलेल्या डिस्क आणल्या. त्यासाठी डिस्क 560 अंश सेल्सियसच्या भट्टीत 24 तासांपर्यंत ठेवतात, आणि तो थर जेमतेम दहा मायक्रॉनचा असतो. अशी डिस्क लेथवर चढवली की पहिल्याच कातणीत तो निघून जातो. नवी डिस्क मात्र हबवरचा गंज खरवडून काढल्याशिवाय बसवू नये. नाहीतर ती तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरांत तेच पेडल पुन्हा धडधडते.