फेज

फेज हा इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द असून टप्पा, अवस्था किंवा बदलत्या रूपांपैकी एक रूप अशा अर्थांनी तो वापरला जातो. त्यासाठी मराठीत विषयानुसार कला, प्रावस्था, अवस्था व टप्पा असे प्रतिशब्द आहेत. ते एकमेकांऐवजी वापरल्यास अर्थ बदलतो.

व्युत्पत्ती

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'प्रकट होणे, दिसणे' असा आहे. इंग्रजीत तो आरंभी चंद्राच्या प्रकाशित भागाच्या बदलत्या आकारांसाठी रूढ झाला.

खगोलशास्त्र

चंद्राच्या या रूपांना चंद्रकला म्हणतात. एका अमावास्येपासून पुढील अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. चंद्र व सूर्य यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की पंचांगातील एक तिथी पूर्ण होते.

भौतिकशास्त्र व वीज

कंपन आवर्तनाच्या कोणत्या स्थितीत आहे हे 'कला' या संज्ञेने दर्शवतात. दोन तरंगांच्या कलांमधील फरकास कलांतर म्हणतात. त्रिकला (थ्री फेज) वीजपुरवठ्यातील तीन प्रवाहांत परस्परांशी १२० अंशांचे कलांतर असते.

बोलीभाषेत मात्र 'फेज' म्हणजे न्यूट्रलहून वेगळी, विद्युतदाब असलेली तार. भारतात घरगुती पुरवठ्यात या दोन तारांमध्ये सुमारे २३० व्होल्टचा दाब असतो. दिव्याचे बटण फेजच्या तारेवरच बसवावे लागते. ते न्यूट्रलवर बसवल्यास बटण बंद असतानाही दिव्याच्या होल्डरमध्ये विद्युतदाब राहतो आणि धक्का बसण्याचा धोका असतो. इमारतीतील काही घरांचीच वीज गेल्यास 'एक फेज गेली' असे म्हणतात.

रसायनशास्त्र व जीवशास्त्र

रसायनशास्त्रात प्रावस्था म्हणजे सर्वत्र समान गुणधर्म असलेला पदार्थाचा वेगळा भाग. तेल व पाणी दोन्ही द्रव असले तरी त्यांच्या मिश्रणात दोन प्रावस्था असतात. पेशीविभाजनात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था व अंत्यावस्था असा क्रम असतो.

प्रकल्पांचे टप्पे

बांधकाम व वाहतूक प्रकल्पांत 'टप्पा' हा प्रतिशब्द रूढ आहे. विलेपार्ले पूर्वेकडील विमानतळ टी१ स्थानक ज्या मार्गावर आहे, ती मुंबई मेट्रो मार्गिका ३ टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेथून आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला.

विलेपार्ले स्थानकातून जाणाऱ्या उपनगरी गाड्यांच्या संदर्भात या शब्दाचे दोन अर्थ एकत्र येतात. पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट–विरार मार्गाचे १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसी प्रणालीत रूपांतर टप्प्याटप्प्याने होऊन २०१२ मध्ये पूर्ण झाले. ओव्हरहेड तारेतून गाडीला एककला वीज मिळते. गाडीतील यंत्रणा तिचे त्रिकला विजेत रूपांतर करून मोटारी चालवते. येथे पहिला अर्थ टप्प्याचा, तर दुसरा कलेचा आहे.

हेही पाहा

चंद्रकला, तिथी, प्रत्यावर्ती विद्युतधारा, मुंबई मेट्रो