रग्बी : कलकत्त्याच्या रुपयांपासून पेडण्याच्या वाळूपर्यंत

इंग्लंड आणि स्कॉटलंड हे संघ दरवर्षी ज्या चषकासाठी रग्बीच्या मैदानात झुंजतात, तो भारतीय रुपयांचा आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात या खेळाचा सामना रंगला आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन झाला. क्लबचे आयुष्य मात्र अल्प ठरले. मद्याची फुकट सोय बंद होताच सभासदांचा उत्साह ओसरला, पलटण शहरातून हलली आणि बंगालच्या उष्म्यात पोलो व टेनिस अधिक सुसह्य वाटू लागले. तेव्हा बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी चषक घडवला आणि १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या स्वाधीन केला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’ १८७९ पासून खेळला जातो. क्लब बंद करण्याची इतकी देखणी रीत क्वचितच आढळेल.

फुटबॉल आणि रग्बी ही एकाच घरातील भावंडे. चेंडू हातात घेऊन धावावे की नाही, प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्यास मुभा असावी की नाही, या वादातून १८६३ नंतर त्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. गोव्यात पोहोचले ते फुटबॉल. १८८३ साली शिवोली येथे एका ब्रिटिश धर्मगुरूने ते आणल्याचे सांगितले जाते. रग्बीला असा कोणी वाटाड्या लाभला नाही. खुद्द पोर्तुगालही या खेळात उशिरा पुढे आला. २००७ साली तो विश्वचषकात प्रथम उतरला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फिजीला २४-२३ असे नमवून त्याने त्या स्पर्धेतील आपला पहिला विजय नोंदवला. योगायोग असा की, त्यानंतर काही आठवड्यांतच गोव्यात भरलेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत रग्बीचा ‘सेव्हन्स’ प्रकार खेळला गेला.

नियम वाटतात तितके गहन नाहीत. मूळ खेळात प्रत्येकी १५ खेळाडू आणि ८० मिनिटे. सेव्हन्समध्ये ७ खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. सारे सौंदर्य या एका बंधनात आहे, कारण पुढे जायचे तर स्वतः धावावे लागते आणि सोबत्यांनी मागून साथ द्यावी लागते. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’चे ५ गुण, नंतरच्या यशस्वी किकचे २, पेनल्टी किंवा ड्रॉप गोलचे ३. चेंडूधारकास धरून पाडता येते. मात्र खांद्याच्या वर हात गेला की शिक्षा. कबड्डीतील घोट्याची किंवा मांडीची पकड ज्याला साधली आहे, त्याला हे तंत्र परके वाटणार नाही.

या खेळाची संस्कृती मैदानाबाहेरही पाहावी. पंचांना ‘सर’ म्हणण्याची रीत आहे आणि त्यांच्याशी बोलतो तो कर्णधार. सामना संपल्यावर खेळाडू दोन रांगा करून प्रतिस्पर्ध्यांना टाळ्यांच्या गजरात वाट करून देतात. न्यूझीलंडचा संघ आरंभी माओरी परंपरेतील ‘हाका’ सादर करतो. १९९५ मध्ये नेल्सन मंडेलांनी संघाची हिरवी जर्सी अंगावर चढवून विजेत्या कर्णधाराच्या हाती चषक दिला. वर्णभेदाच्या काळात बहुसंख्य कृष्णवर्णीयांना हीच जर्सी जुलमाची खूण वाटत असे. छोट्याशा फिजीचे पहिले ऑलिंपिक पदकही रग्बीचेच, रिओतील २०१६ चे सुवर्ण.

गोव्यात खरा प्रश्न जमिनीचा आहे. डिचोलीच्या सड्यांवर जांभा. त्यावर कोणी कोणाला पाडले तर कातडी सोलून निघेल, डोके आपटले तर त्याहून वाईट. कापणीनंतरची शेते फुटबॉलला चालतात. परंतु उन्हाने कडक झालेली माती रग्बीच्या पकडीला योग्य नव्हे. मऊ हिरवळ नसेल तेथे ‘टच रग्बी’ खेळावी. तीत पाडण्याऐवजी नुसता स्पर्श करतात आणि सहा स्पर्शांनंतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. मुलगे-मुली एकत्र खेळू शकतात. साहित्य म्हणजे एक अंडाकृती चेंडू आणि सीमा दाखवणारे चार शंकू. पेडण्यात हरमल, केरीच्या किनाऱ्यावरील ओहोटीच्या वेळची ओलसर वाळू यासाठी उत्तम. मोरजी, आश्वे, मांद्रे येथे मात्र थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात; तेथील राखलेल्या पट्ट्यापासून दूरच राहावे.

पूर्ण पकडीचा खेळ शिकायचा तर प्रशिक्षकाखेरीज सुरुवात करू नये. पाडण्याइतकेच पडणेही शिकावे लागते. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूस बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये. ‘जरा पाणी मार, उठेल’ हा आपल्या मैदानांवरचा जुना उपचार येथे जीवघेणा ठरू शकतो.

पाहून शिकायचे तर फेब्रुवारी-मार्चमधील ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धा गाठावी. कलकत्ता कपचा सामना तीतच होतो. पुढील पुरुष विश्वचषक २०२७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात असून त्यात प्रथमच २४ संघ असतील. सिडनीतील संध्याकाळचे सामने गोव्यात दुपारच्या जेवणानंतर पाहता येतील.